बोटाचा अंदाज

काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. नव्या भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंच्या तळहातावर हवेचा दाब मोजणारं, घड्याळाएवढं यंत्र होतं. त्यावर वीस ते तीसच्या मध्ये हिरवा पट्टा, आणि काटा तो ओलांडून भलतीकडेच जाऊन बसलेला.

"यंत्र बिघडलंय तुमचं," ताई म्हणाल्या.

नाचता येईना अंगण वाकडं, हे ताईंनी आजवर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. सव्वीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन होत्या. पूर्ण भूल दिली की पेशंटच्या घशातून श्वासाची नळी घालतात. नळीच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. सिरिंजने हवा भरून तो फुगवला, की कडेने हवा निसटत नाही आणि पोटातलं काही फुप्फुसात उतरत नाही. बाहेर लोंबणारा त्याचा जोडफुगा चिमटीत दाबायचा आणि आतला किती भरला ते ओळखायचं. ही चिमूट ताईंची. "ताईंचं बोट लागलं की बघायला नको," असं मोठमोठे सर्जन म्हणत आणि ताई मास्कच्या आत हसत. नाकाच्या शेंड्याइतका टणक, हा अंदाज त्यांनी कितीतरी नव्या पोरापोरींना शिकवला होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा फुगा सैल राहिला आणि सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून ताई थोडी हवा जास्तच भरत आल्या.

दुसरं यंत्र आणलं. पुढचा पेशंट, चौऱ्याण्णव. त्यापुढचा फुगा ताईंनी अगदी हलक्या हाताने भरला, तरी सत्तर. डॉक्टरीणबाई दर वेळी जास्तीची हवा काढून काटा मुकाट्याने हिरव्यात आणत होत्या. तेच ताईंना जास्त लागलं.

"घसा दुखायला इतरही कारणं असतात, ताई," शेवटी त्या म्हणाल्या. "नळी जाड असते, घालताना खरचटतं. पण फुगा जास्त भरला की तो आतून रुततो, आणि हे एक आपल्या हातातलं आहे."

ताईंच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं त्यांनी झोपलेलीच पाहिली होती. जागी झाल्यावर त्यांचं काय होतं, ते बघणं वॉर्डाचं काम. नळी घातली की दोन दिवस घसा दुखणारच, हे त्या इतक्यांना बिनधास्त सांगत आल्या होत्या, की का दुखतो असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

आणि सोमवारी नवऱ्याचं ऑपरेशन होतं. चार वर्षांपूर्वी उजवीकडचा हर्निया झाला, आता डावीकडचा. तो शाळेत गणित शिकवायचा. मागच्या वेळी नऊ दिवस त्याला आवंढा गिळवत नव्हता. शाळेत रुजू झाल्यावरही आवाज फुटेना, म्हणून फळ्यावर लिहून वर्ग घ्यायचा. "पुरुषांना मेलं काही सोसत नाही," म्हणून ताईंनी त्याची थट्टा केली होती. फुगा त्यांनीच भरला होता.

"नळीपाशी तूच हवीस," या वेळीही त्याने हट्ट धरला. "दुसऱ्या कोणाच्या हाताचा मला भरवसा नाही."

ताईंनी सांगायला तोंड उघडलं आणि "चहा निवतोय तुमचा" एवढंच म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी यंत्र जोडून सिरिंज दाबली. काटा पंचवीसवर आला, तरी सिरिंजमध्ये निम्म्याहून जास्त हवा उरली होती. बोट म्हणत होतं, अजून. समोर नवरा निपचित पडलेला. त्यांनी त्याच्या तोंडाशी कान नेला. हवा कुठूनही निसटत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, तेव्हा कुठे ताईंनी सिरिंज बाजूला ठेवली.

संध्याकाळी त्या वॉर्डात गेल्या. नवरा उशीला टेकून घोट घोट पाणी पीत होता.

"अगं, या वेळी नळी घातलीच नाही का?" घसा चाचपत त्याने विचारलं. आवाज खणखणीत होता. "काहीच दुखत नाहीये."

ताईंना आनंद व्हायला हवा होता. त्या पलंगाच्या कडेवर मटकन बसल्या.

"घातली होती," त्या म्हणाल्या. "तशीच नळी, त्याच मापाची. मागच्या वेळी मी फुगा फार भरला होता. तिपटीने, चौपटीने, देव जाणे. तुमचे ते नऊ दिवस माझ्यामुळे."

तो काहीतरी चेष्टा करणार होता, पण त्यांचा चेहरा पाहून थांबला. पेला त्याने खाली ठेवला.

"फक्त माझ्याच वेळी ना?"

"नाही," ताई म्हणाल्या. "सगळ्यांच्याच."