पोटाखालचा पट्टा

झहरानचा खंजिराचा पट्टा लग्नात ज्या भोकाला लागला होता, त्याच भोकाला बावन्नाव्या वर्षीही लागायचा. दर ईदला तो हे ओमानमधल्या साऱ्या निझवा गावाला ऐकवायचा. एरवी अंगात पायघोळ दिशदाशा आणि आत लुंगी, कमरेचं माप कुणी विचारत नाही. पाण्याचा टँकर चालवत बसून बसून पोट सुटलं होतं खरं, पण पट्टा लागतो म्हणजे माणूस तोच, असा त्याचा हिशेब.

"पट्टा तोच आहे, पण खाली सरकलाय, अबू सालिम," मुलाच्या नावानं हाक मारत बायको ग़निया म्हणायची. "अजून दोन ईद गेल्या की गुडघ्याला बांधाल."

तो हसायचा आणि हलव्याचा आणखी एक घास घ्यायचा.

धाकट्या भावाची, हिलालची मूत्रपिंडं साखरेच्या आजारानं गेली, तेव्हा रक्त जुळलं ते झहरानचंच. "घे की एक," तो म्हणाला, "माझ्याकडे दोन पडून आहेत." सगळं घर निर्धास्त झालं.

मस्कतच्या रुग्णालयात तरुण डॉक्टरणीनं टेप काढली. झहराननं पोटाखाली बोट दाखवलं. तिनं टेप बेंबीच्या वरून फिरवली.

"श्वास सोडा, काका. शेहेचाळीस इंच."

"माझा पट्टा एवढा नाही, मुली."

"पट्टा पोटाखाली बसतो. पुरुषाचं पोट सदतीसच्या पुढे गेलं की आम्हाला काळजी वाटते."

त्यानं ते मनावर घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात रक्ताचे निकाल आले.

"साखर तुम्हालाही आहे," ती म्हणाली. "बरीच जुनी असावी."

"मला तर काहीच होत नाही."

"सुरुवातीला होत नाही. चाळिशीनंतर पोटाचा घेर वाढला, घरात भावाला असली, की ती अशीच गुपचूप येते. तुमचं मूत्रपिंड आम्हाला घेता येणार नाही, काका."

ती पुढे औषधांबद्दल बोलत राहिली. झहरानला तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. आवारात येऊन तो गाडीत बसला. किल्ली हातातच राहिली.

घरी हिलाल वाट पाहत होता. झहराननं सगळं सांगितलं. हिलालनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घाबरलास का, दादा? तसं असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही."

"घाबरलो असतो तर बरं झालं असतं," झहरान म्हणाला.

हिलालचा चेहरा उतरला. आपल्याला मूत्रपिंड मिळणार नाही, हे आत्ता कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. थोड्या वेळानं त्यानं बाही वर सारली, झहरानचा हात ओढला आणि डायलिसिसच्या मशीनच्या सुया टोचतात त्या फुगलेल्या शिरेवर ठेवला. कातडीखाली काहीतरी सतत थरथरत होतं. झहराननं चटकन हात मागे घेतला.

"परत कधी बोलावलंय तुला?" हिलालनं विचारलं.

"उद्या. औषधं सुरू करायची आहेत. पण मी म्हटलं, बघू."

"बघू नाही. उद्या माझं मशीन नाही, मी येतो बरोबर."

"तू कशाला त्रास घेतोस?"

"तू वाटेतून परत फिरशील म्हणून," हिलाल म्हणाला, आणि बाही खाली केली.