न वाकणाऱ्या घरातली पाठ

माणसाची प्रतिष्ठा त्याच्या पाठीच्या कण्यात असते. हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं. ते निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे त्यांनी ते निरोपसमारंभात म्हटलं, बारशात म्हटलं आणि एकदा आमच्या तेलंगणातल्या बेला गावच्या बसथांब्यावरच्या शौचालयाच्या उद्घाटनातही म्हटलं. टाळ्या सगळीकडे पडल्या.

वाक्याला कारण होतं. त्यांचे वडील पटेलाच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, शेतावर राबायचे आणि पटेलाच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन, कमरेत वाकून जायचे. मामाजींनी लहानपणी ते रोज पाहिलं. नोकरी लागल्यावर त्यांनी घराला नियम घातला, इथे कुणी कुणापुढे वाकायचं नाही. लग्न होऊन मी आले आणि पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला उभं केलं. त्या दिवशी हा माणूस मला फार आवडला. नियम तेवढ्यावर थांबत नाही, हे नंतर कळलं. आमच्याकडे झाडू बांबूला बांधलेला असतो. भांडी उभ्यानं घासायची. अंगणात पडलेलं काही उचलायचं तर गुडघ्यावर बसायचं, पाठ सरळ ठेवून. विहारातही मामाजी उभ्यानंच हात जोडतात. बुद्धाची हरकत नसावी. तो स्वतः ताठच बसलेला असतो.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली आणि तिचा उजवा खांदा वर, डावा खाली दिसू लागला. नवरा नोकरीनिमित्त मंचेरियलला. मी शाळेत शिकवायला. त्यामुळे नातीची पाठ हे खातं आपोआप मामाजींकडे गेलं.

"अवं बाई, वाकडी काऊन बसली?"

"ताठच बसून राह्यली ना, आबाजी."

"मंग हा खांदा काऊन खाली गेला?"

"मले काय माईत? मी नाई पाठवला त्याले."

रोज सकाळी तिला भिंतीला टेकवून उभं करायचे. टाचा, पाठ, डोकं भिंतीला लागलंच पाहिजे. मग डोक्यावर जाडजूड तेलुगू शब्दकोश ठेवून अंगणात फेऱ्या. शब्दकोश पडायचा नाही. पोरगी हुशार, मान एका बाजूला कलवून तोल सांभाळायला शिकली. मामाजी म्हणाले, सुधारणा आहे.

कुणी भेटायला आलं की ते कारणमीमांसा सांगत. "चार पिढ्यांचं वाकणं हाये हे. रक्तात उतरलं. एकदम थोडीच जाईन."

"मी तर पटेल पाह्यला पन नाई," पोरगी म्हणायची.

"तुया पाठीनं पाह्यला."

पाहुणे माना डोलवायचे. मीही कधीकधी डोलवली, कारण ते ऐकायला छान वाटायचं. पाठीवर अत्याचाराचा इतिहास लिहिलेला असतो, असं चार पुस्तकं वाचलेलं माणूस सहज मान्य करतं. तिची पाठ दुखते, असं ती म्हणाली तेव्हा मी मोबाईल कमी कर म्हटलं. हे तर न वाचलेलं माणूसही म्हणतं.

पुढच्या वर्षी ती पायऱ्या चढताना धापा टाकू लागली. आम्ही तिला आदिलाबादला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, तेलुगू बोलणारा. आमच्याशी हिंदीत बोलला. त्यानं तिला पाठमोरं उभं केलं आणि म्हणाला, पुढे वाक, पायाची बोटं धर.

ती वाकली नाही. तिनं आबाजींकडे पाहिलं.

"डॉक्टरसाब, हमारे घर में झुकते नहीं," मामाजी म्हणाले. आवाज तोच, शौचालयाच्या उद्घाटनातला.

"सार, मैं कौन-सी सलामी ले रहा हूँ?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच खाली दाबला. ती वाकली. कुडत्याच्या आत उजव्या बाजूच्या फासळ्या वर उचलल्या गेल्या, शेतात ढेकूळ वर यावं तशा. कणा मधून नदीसारखा वळला होता. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

डॉक्टर म्हणाला, उभं असताना हे कपड्यात लपतं, वाकल्यावर लगेच दिसतं. वेळेवर दिसलं असतं तर पाठीला पट्टा बांधून भागण्याची शक्यता होती. आता वाक फार वाढलाय, फुप्फुसाला जागा उरत नाहीये, ऑपरेशन करावं लागेल. मग त्यानं विचारलं, "घर में कभी झुकती नहीं थी क्या? झाड़ू-वाड़ू?"

मामाजी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत राहिले.

ऑपरेशन हैदराबादला झालं. कण्याशेजारी दोन सळया, स्क्रू. आधी एका कागदावर सही घेतली. पाय लुळे पडू शकतात, असं त्यात लिहिलं होतं. नवऱ्यानं तो दोनदा वाचून सही केली. मामाजी बाहेरच्या बाकावर बसले होते. पाठ सरळ होती, पण ती सवयीनं. पोरगी शुद्धीवर आल्यावर नर्सनं तिला पायाची बोटं हलव म्हटलं. तिनं हलवली. मग ती बरेच दिवस रडत होती, दुखत होतं म्हणून.

कणा पूर्ण सरळ झाला नाही. आला तेवढा आला. जिथे सळया आहेत तिथे ती आता कधीच वाकणार नाही, असं डॉक्टरांनी मामाजींना नीट समजावून सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. त्यानंतर त्यांनी प्रतिष्ठेचं वाक्य कुठे म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. तिची पेन्सिल पडली की तेच उचलतात, गुडघ्यावर न बसता, कमरेत वाकून. तिनं नको म्हटलं तरी.

गावातल्या बाया पाहायला आल्या. "पोरगी कशी खांबासारखी ताठ झाली वो," एक म्हणाली. पोरगी म्हणाली, "खांबच टाकले ना आत."

वाक कमी झाल्यामुळे तिची उंचीही थोडी वाढली. गणवेशाचा कुडता आखूड पडला, आणि त्या रंगाचं कापड दुकानात संपलं होतं.