रुमालाखालचा सातवा हात

जालन्याच्या मस्तगडात रशीदभाई दलालांचं घर कुणालाही विचारा, बोट दाखवतील. पण त्या घरात एक व्हिडिओ गेम तयार होतोय असं सांगितलं असतं, तर दाखवणारा आधी पोट धरून हसला असता. गेम म्हटलं की मोटारी उडायला हव्यात, बंदुका चालायला हव्यात, निदान रंगीत गोळ्या तरी फुटायला हव्यात. मदीहाच्या गेममध्ये यातलं काहीच नव्हतं. तिचा गेम सुरू केला की पडदा काळाकुट्ट व्हायचा, आणि आतून एक आवाज सांगायचा: फोन मांडीवर घ्या, वरून रुमाल टाका. या काळ्या पडद्यावर तिनं दोन वर्षं आणि पुण्याच्या नोकरीत साठवलेलं सगळं लावलं होतं.

मदीहा रशीदभाईंची थोरली मुलगी, वय एकतीस. जालन्यात कॉम्प्युटर शिकली आणि पुण्याला मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. सहा वर्षांत आपण अकरा गेम बनवले असं ती सांगायची आणि लगेच स्वतःच दुरुस्ती करायची, की एकच गेम अकरा वेळा बनवला. एकात आंबे जुळवायचे, दुसऱ्यात पेरू, तिसऱ्यात लाडू. कुठल्यातरी बाहेरच्या गेमची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. चालायचे मात्र धडाक्यात. बाराव्या वेळी शंकरपाळे जुळवायची पाळी आली तेव्हा तिनं राजीनामा दिला. शंकरपाळ्यांवर तिचा राग नव्हता, पण माणसाच्या सोसण्याला काही सीमा असते.

तिच्या डोक्यात लहानपणापासून एक खेळ होता. तो खेळ आहे हे तिला फार उशिरा कळलं.

रशीदभाई शेळ्या-बकऱ्यांचे दलाल. वाटूरच्या बाजारात त्यांची तीस वर्षांची बैठक. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हात पुढं करतात, वर रुमाल पडतो, आणि रुमालाखाली बोटं बोलतात. समोरच्याच्या तळहातावर जितकी बोटं दाबली तितके हजार. हात उचलून पुन्हा दाबली तर तितके शंभर. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव फक्त त्या दोघांना कळतो. असं का, म्हणून मदीहानं लहानपणी विचारलं होतं. रशीदभाई म्हणाले होते की चारचौघांत भाव पडला की माणूसही पडतो; रुमालाखाली भाव पडला तरी माणूस उभाच राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती उगीच नाही.

मदीहा ही भाषा बापाच्या मांडीवर बसून शिकली. रशीदभाई तिच्या इवल्या तळहातावर बोटं दाबत आणि ती भाव सांगे. चुकली तर बोरं मिळत नसत. ती सहसा चुकत नसे.

तोच हा गेम. पडद्यावर बोटं दाबायची, म्हणजे आपला भाव गेला. फोन थरथरून उत्तर देतो, तो समोरच्याचा भाव: आधी हजार, जरा थांबून शंभर. थरथर ठाम आहे की चाचरते, घाईची आहे की सावकाश, यावरून ओळखायचं की हा माणूस अजून किती उतरेल. त्या थरथरीसाठी मदीहानं वडिलांना आठवडाभर पलंगावर बसवून त्यांची बोटं फोनवर दाबून घेतली होती. दाब किती, थांबणं किती, सगळं फोननं टिपलं. तीस वर्षांचा दलाल घरात असताना दुसरीकडं कशाला जायचं? इमामबी, म्हणजे तिची अम्मी, हे बघून म्हणायची की बापलेकीनं घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्यात. भाकऱ्या थापायला मात्र तीच होती, त्यामुळं तिला बोलायचा हक्क होता.

गेम जवळपास तयार झाला, तेव्हा मदीहानं तो पुण्याला अर्पिताकडं पाठवला. अर्पिता तिची जुनी साहेब. ती दुष्ट बिष्ट मुळीच नव्हती. उलट तिनं ऑफिसात टेबलाखाली तासभर खेळून बघितलं आणि मग फोन केला. गेम भन्नाट आहे, म्हणाली. कंपनी विकत घेईल, वर मदीहाला तिची नोकरी परत, पगार वाढवून. अट एवढीच, की पडद्यावर आकडे दिसले पाहिजेत, बकऱ्यांनी गॉगल घातले पाहिजेत आणि दर सौद्यानंतर एक जाहिरात आली पाहिजे.

मदीहा म्हणाली, आकडे दिसले तर रुमाल कशाला?

"लोकांना नवीन आवडतं, मदीहा," अर्पिता म्हणाली. "पण दुकानात गेल्यावर ते जुनंच उचलतात. असले वेगळे गेम दहातले नऊ बुडतात, आणि दहावा का तरला ते कुणालाच कळत नाही. महिनाअखेरपर्यंत सांग."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि मदीहाला त्याचाच राग आला. चुकलेल्या माणसाशी भांडता येतं, बरोबर माणसाशी काय भांडणार? साठवलेलं आता तीन-चार महिन्यांपुरतं उरलं होतं. इमामबीचं मत स्पष्ट होतं: बकरीनं गॉगल घातल्यानं आपलं काय जातं? रशीदभाई फक्त म्हणाले की माल बाजारात न दाखवता विकू नये.

म्हणून महिनाअखेरच्या आधीच्या बाजारी मदीहा वडिलांबरोबर वाटूरला गेली. बाभळीखाली दलालांचं चहापाणी चाललं होतं. त्यात कारभारी आबा होते. पासष्टीचे, पांढऱ्या मिशांचे. रशीदभाईंचे तीस वर्षांचे दोस्त आणि तितक्याच वर्षांचे दुश्मन. मदीहानं फोन त्यांच्या मांडीवर दिला आणि वर रुमाल टाकला. आबांनी डोळे मिटले. बोटं दाबली, थांबले, पुन्हा दाबली. चेहरा कसा सौद्याला बसल्यासारखा झाला. मदीहाला वाटलं, जिंकलो.

आतल्या माणसानं भाव दिला. आबांनी तो मान्य केला आणि रुमाल काढून ऐटीत जाहीर केलं, की बकरी चार हजार शंभरला घेतली. तेवढ्यात फोनमधला आवाज म्हणाला: सौदा पाच हजारांना झाला.

आबांनी फोन पुढं सरकवला. मग दुसऱ्या दलालानं खेळून बघितलं, मग तिसऱ्यानं. लहान भाव सगळ्यांना कळायचे. पाच आला की सगळे चार हजार शंभर म्हणायचे आणि फोन म्हणायचा पाच हजार. बाभळीखाली हसाहशी सुरू झाली. गेम बेइमान आहे म्हणून निकाल लागला आणि मंडळी चहाकडं वळली. मदीहाला रडूच यायला लागलं. ज्या बाजारासाठी आपण नोकरी सोडली, त्या बाजारालाच आपला गेम कळू नये, म्हणजे अर्पिता म्हणते तेच खरं. आकडे दाखवावेत, बकऱ्यांना गॉगल घालावेत आणि गप पगार घ्यावा.

तिनं फोन स्वतःच्या तळहातावर घेतला आणि तोच भाव पुन्हा लावला. चार थरथरी एकदम आल्या, जरा थांबून एक. "पाचच तर हायेत," ती पुटपुटली. तिच्यासाठी पाच नेहमी असेच होते.

कारभारी आबांनी तिचा चेहरा बघितला. मग शेजारी बसलेल्या रशीदभाईंचा उजवा हात उचलून तिच्यासमोर धरला. त्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं. मदीहाच्या जन्माच्याही आधी ते कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं. उरलेली चार बोटं एकदम दाबून झाली की रशीदभाई अंगठा पुन्हा एकदा टेकवायचे, पाच पुरे करायला. मदीहा त्याच हातावर मोजायला शिकली होती. बापाच्या हाताला काही कमी आहे हे तिला माहीत होतं, पण त्याच्या मोजण्यात काही वेगळं आहे हे एकतीस वर्षांत तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

"मंग बाजारात तीस वर्षं कसं चाललं अब्बांचं?" तिनं विचारलं.

"आमी वळखतो ना त्याला," आबा म्हणाले. "रशीदभाईचा हात हाये म्हटल्यावर चार अन् एक म्हंजे पाच. दुसऱ्याचा असला तर एकेचाळीसशे. प्रत्येकाचा हात येगळा राह्यतो, पोरी. आधी माणूस वळखावा लागतो, मंग भाव. तुझ्या फोनात माणूस कुठं हाये?"

रशीदभाई आपला हात सोडवून घेत म्हणाले की चहा थंड होऊन राह्यला. एवढंच.

परतीच्या एसटीत मदीहा जालना येईपर्यंत तोच भाव पुन्हा पुन्हा लावत राहिली. पाच सरळ करणं सोपं होतं. चार आणि एक यांच्याऐवजी सलग पाच ठोके करायचे, अर्ध्या तासाचं काम. पण आबांचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. दोन वर्षं ती समजत होती की आपण आकड्यांचा खेळ केलाय आणि तो झाकून ठेवलाय. खेळ आकड्यांचा नव्हताच. हात पुढं येतो, तो कुणाचा आहे हे अंधारात ओळखायचं, त्याच्या खोडी शिकायच्या, दोनदा फसायचं, तिसऱ्यांदा सावध व्हायचं, आणि एक दिवस नुसत्या स्पर्शावरून कळायचं की हा तोच. आकडे पडद्यावर आले की माणूस गेलाच. घरी पोचल्यावर तिनं चप्पल काढायच्या आधी अर्पिताला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवशी इमामबीनं जेवताना भांडी जरा जास्तच आपटली. पण तिसऱ्या दिवशी तिनंच भावाच्या मुलाकडून एक बऱ्यापैकी जुना फोन मागून आणला, कारण मदीहाचा एकच फोन होता आणि आता तिला गावोगाव हात गोळा करत हिंडायचं होतं.

ती खरोखर हिंडली. कारभारी आबांचा हात घेतला. ते भाव देण्याआधी अंगठा उगीचच दोनदा घासतात. पिंपळगाव रेणुकाईला मिरची विकणाऱ्या नंदाबाईंनी तर आपण कधी रुमालाखाली सौदा केलेला नाही म्हणून आधी नकार दिला, आणि मग एवढ्या चटचट बोटं दाबली की फोनलाही दम लागला. असे नऊ हात झाले. गेममध्ये आता नऊ माणसं होती. त्यांना नावं नव्हती, चेहरे नव्हते, फक्त हात. सातवा हात चार बोटं एकदम दाबायचा आणि मग जरा थांबून अंगठा. त्यात मदीहानं काहीही सुधारलं नाही.

'रुमाल' या नावानं गेम विक्रीला आला तेव्हा कुणी ढोल वाजवले नाहीत. पहिल्या आठवड्यात सोळा जणांनी घेतला, त्यातले सहा नात्यातले. एकानं लिहिलं की फोन बिघडलाय, पडदा काळा दिसतो. दुसऱ्यानं पैसे परत मागितले. साठवलेलं संपलं तेव्हा मदीहा बायपासवरच्या एका बियाण्याच्या कंपनीत अर्धवेळ कॉम्प्युटरचं काम करायला लागली आणि उरलेल्या वेळात गेम दुरुस्त करत बसली. तिला भीती वाटत होती, हे खोटं कशाला सांगा. पण पश्चात्ताप शोधूनही सापडत नव्हता, याचं तिला नवल वाटे.

मग हळूहळू थेंब पडायला लागले. नागपूरच्या एका अंध शिक्षकानं लिहिलं, की पडद्यावर काय आहे हे कुणालाही न विचारता आपण पहिल्यांदाच एखादा गेम शेवटापर्यंत खेळलो. त्यांनी तो आपल्या ओळखीच्यांत फिरवला. मदीहानं आतला आवाज इंग्रजीतही घातला, तेव्हा कुठल्याशा परदेशी मंडळींनी त्यावर चार ओळी लिहिल्या. सहा महिन्यांत तीन हजारांवर लोकांनी तो घेतला. कंपनीचा शंकरपाळ्यांचा गेम तेवढा एका दुपारी डाउनलोड व्हायचा; पण मदीहानं बियाण्याच्या कंपनीतले दिवस आठवड्याला पाचाचे तीन केले. अर्पितानंही गेम विकत घेतला होता. तिचा निरोप आला: तुझा तिसरा हात लुच्चा आहे, मला रोज फसवतो.

आणि एका रविवारी पोलंडमधल्या कुणा बाईंचं पत्र आलं. रशीदभाई पलंगावर टेकून मोसंबी सोलत होते. मदीहानं पत्र त्यांना उलगडून सांगितलं. बाईंनी लिहिलं होतं की सातवा माणूस कोण आहे ते मला सांगाल का? त्याच्या हाताला काहीतरी झालेलं असावं. तो भावात कधी फारसा उतरत नाही, इतरांकडं स्वस्त मिळतं. तरी मी दर वेळी फिरून त्याच्याकडंच जाते. का, ते मला सांगता येत नाही.

रशीदभाईंनी मोसंबीची फोड तशीच हातात धरली. या माणसानं आजपर्यंत गेम एकदाही खेळला नव्हता. आपल्याला शिकायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांनी हात पुसले, फोन मागितला, मांडीवर ठेवला आणि खांद्यावरचा रुमाल काढून वर टाकला. सातवा हात कुठं आहे ते मदीहानं लावून दिलं. त्यांनी डोळे मिटले.

बराच वेळ गेला. रुमाल मधून मधून हलत होता. इमामबी दारात येऊन उभी राहिली. एकदा रशीदभाईंच्या भुवया चढल्या, एकदा ते गालात हसले, एकदा त्यांनी जोरात नकाराची मान हलवली. मग त्यांनी डोळे उघडले. घरात सगळे दखनी बोलायचे, पण धंद्याचं असलं की रशीदभाई नकळत बाजाराच्या मराठीवर यायचे.

"सौदा न्हाई झाला," ते म्हणाले. "पण माणूस बराबर हाये. लिही त्या बाईला."

आणि फोन त्यांनी परत दिला नाही. रुमाल नीट सारखा करून ते पुन्हा खेळायला बसले.