वाफेतला क्रोटन

इस्त्रीवाल्या काकांचा क्रोटन मी मारला. वाईट हेतूने मारला असता तर थोडा तरी वाचला असता; मी जीव ओतून मारला.

काकूंना दवाखान्यात ठेवलं तेव्हा काकांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. "साहेब, सकाळी इस्त्री तापवा आणि ओल्या फडक्यावरून दोनदा फिरवा. झाडाला वाफ लागली की झालं. शहाणपणाचं काही करू नका."

काकूंनी बोटभर फांदी लावून वाढवलेलं झाड. नऊ वर्षं इस्त्रीच्या टेबलाला खेटून उभं. लाल, पिवळी, जांभळट पानं. रंगाऱ्याने दिवसभराचे ब्रश त्यांनाच पुसल्यासारखी. मला मात्र त्या कोंदट खोलीत झाडाची दया आली. उचललं आणि थेट माझ्या ऑफिसात एसीखाली ठेवलं. चौथ्या दिवशी कुंडीत काठी उरली. कुंडी दुकानात परत नेली आणि गळलेली पानंही पिशवीत भरून काकांना दाखवली. का दाखवली, देव जाणे!

काका स्टुलावर बसले.

"उद्या तिला घरी आणतोय."

"अरे वा! बऱ्या झाल्या काकू?"

"नाही. आता घरीच ठेवा म्हणाले."

मी पिशवी मागे लपवली.

"रोज विचारते, नवं पान आलं का. मी रोज हो म्हणतो. तिच्या लेखी एव्हाना चार आलीत."

"काका, दुसरं आणतो ना. हुबेहूब मिळेल. काकूंना काय कळणार?"

"मग नवराही दुसरा आणा. तोही नाही कळायचा."

त्यांनी काठीच्या शेंड्याची साल नखाने खरवडली. आत तपकिरी. तेवढं कात्रीने उडवलं. खाली पुन्हा खरवडलं, पुन्हा तपकिरी. काठी बुटकी होत चालली. रेशमी पदरावर तापलेली इस्त्री निवांत फिरवणारा तो हात दर वेळी कात्री लावण्याआधी थांबत होता. मला बघवेना, आणि उठवेनाही. शेवटी मातीपासून वीतभर वर नखाखाली हिरवी रेघ दिसली. खरवडल्या जागी चिकाचा एवढासा थेंब आला.

काकांनी कुणाच्या तरी कोटाचं प्लास्टिकचं कव्हर ओढून काढलं, कुंडीवर तंबूसारखं चढवलं आणि दोन्ही इस्त्र्या तापत ठेवल्या. ओलं फडकं, वाफ, पुन्हा ओलं फडकं. मधेच टेबलावरच्या एका शर्टाची कॉलर करपली; त्यांच्या हातून करपलेली मी पाहिलेली पहिलीच. शर्ट माझा होता.

उद्यापर्यंत पान फुटणार नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. तरी ते कव्हर वर करत, आत वाफ सोडत, पुन्हा खाली ओढत. दर खेपेला वाकून काठीकडे बघत.

"काका, मला काहीतरी काम सांगा हो. मी काय करू?"

"बसा. पण लांब."