आधी गौतम, मग शिशिर

शिशिर धोटेला विचारा, तुम्ही करता काय? तो म्हणेल, "फोन लावतो." बस्स, एवढंच. रायपूर राजधानी झालं तेव्हा सदर बाजारात त्याचा एसटीडी बूथ होता. मग घरोघरी मोबाईल आले आणि बूथवर माशा मारायची पाळी आली. दुसरा असता तर नशिबाला शिव्या घालत बसला असता. हा पठ्ठ्या इंटरनेटवरचे फोन बसवायला शिकला. नव्या राजधानीत रोज नवी कचेरी उघडत होती आणि प्रत्येक साहेबाला टेबलावर फोन हवाच होता. शंकर नगरात एका खोलीचं ऑफिस थाटून त्यानं संसार उभा केला.

त्याच्या कामाची मेख अशी की, इंटरनेटचा फोन आधी विचारपूस करतो. डीएनएस म्हणजे स्टेशनवरची चौकशीची खिडकीच समजा. "अमक्यांचे फोन कुठं घेतात हो?" असं यंत्र तिथं विचारतं. खिडकीवर शिशिरनं एसआरव्ही नावाची नोंद करून ठेवलेली असते. आधी या पत्त्यावर जा, तिथून उत्तर नाही आलं तर त्या. लहान आकड्याचा पत्ता आधी, मोठ्याचा नंतर. गिऱ्हाईकं हमखास अडायची, "बडा नंबर तो बडे साहब का होना चाहिए ना, भैया?" शिशिर हसायचा आणि बड्या साहेबाला दहा नंबर देऊन टाकायचा, त्याच्या मागच्याला वीस.

त्याची आई गोदावरीबाई तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरी एकटी राहायची. ऐंशीची म्हातारी, हात थरथरायचे, मोबाईलच्या काचेवर बोट भलतीकडेच पडायचं. म्हणून शिशिरनं तिला मोठ्या रिसीव्हरचा इंटरनेट फोन आणून दिला आणि त्यावर एकच बटण ठेवलं. आई लगेच म्हणाली, "पहिला मान थोरल्याचा हं!" थोरला गौतम बंगळुरात. त्यांच्या घरी सणाचं पहिलं ताट थोरल्याचं, मग फोन तरी कसा सुटेल? शिशिरनं गौतमच्या घरी फोन घेणारी एक डबी बसवली आणि नोंद केली. गौतम दहा, शिशिर वीस.

आता बघा गंमत. गौतमनं घर बदललं आणि ती डबी कुठल्याशा खोक्यात जाऊन पडली. शिशिरनं आठवण करून दिली की गौतम म्हणायचा, "लगा दूँगा यार, थोडा टाइम दे." आई रोज दुपारी बटण दाबायची. यंत्र बंगळुराचं दार ठोठावायचं, बराच वेळ काहीच वाजायचं नाही, आणि मग शिशिरच्या टेबलावर घंटी व्हायची. त्यानं हॅलो म्हटलं की आईचा पहिला सवाल ठरलेला, "गौतमचा फोन आला का रे?"

डॉक्टरकडे नेणारा हा, गॅस लावून देणारा हा, आणि विचारपूस गौतमची! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. शिशिरच्या आत कुठंतरी जळायचं. आईनं फोन गौतमला लावायचा आणि आपल्या वाट्याला उरलासुरला यायचा, असंच त्याला वाटायचं. एका दिवशी त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं गौतमची नोंद पुसून टाकली. आता बटण दाबलं की थेट शिशिर.

त्या दुपारी एकदा आला, आणि मग आईचा फोनच यायचा बंद झाला.

एक दिवस त्यानं कळ काढली, दोन दिवस काढली. मग मात्र थांबवेना. त्यानं मोटरसायकल काढली आणि तात्यापारा गाठला. आई ओसरीवर शेंगा सोलत होती, तब्येतीनं ठणठणीत.

"फोन काहून नाही केला?"

"बिघडला तो."

शिशिरनं बटण दाबलं. त्याच्या खिशातला मोबाईल लगेच वाजला, कारण ऑफिसचे फोन त्यावरही येत. "चांगला तं चालून राहिला, आई."

"चालते रे. पण लगेच वाजते." आईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आधी जरा वेळ काही वाजत नव्हतं. तूच सांगितलं होतं न, आधी गौतमकडं जाते म्हणून? तेवढ्यात मी त्याच्याशी बोलून घेत होती. जेवला का बाबू, पोट्टी बरी आहे का. मग तू हॅलो म्हणायचा. आता तं तू मले त्याचं नावही घेऊ देत नाही."

शिशिरनं रिसीव्हर जागेवर ठेवला. "आई, त्याच्याकडचं बंद आहे. कधीचं."

"मले का माहीत नाही? माय आहो मी त्याची. तिकडची घंटी एकदाही नाही वाजली."

"मग रोज बटण काहून दाबत होती?" त्याचा आवाज चढला.

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा पोट्टा म्हातारा झाला तरी याला अक्कल नाही आली. "तू उचलतो म्हणून! त्यानं नाही उचलला तरी तू आहेच. तुझ्या भरवशावर तं मी त्याची वाट पाहते रे."

शिशिर तिथंच ओसरीवर बसला आणि ढसाढसा रडला. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मूठभर शेंगा त्याच्या हातात कोंबल्या.

ऑफिसात येऊन त्यानं पहिलं काम केलं ते नोंद जशीच्या तशी परत घालायचं. गौतम दहा, शिशिर वीस. दुसऱ्या दुपारी घंटी वाजली.

"गौतमचा फोन आला का रे?"

"नाही आला, आई," शिशिर म्हणाला. "तुझं बोलणं झालं का त्याच्याशी?"

"हव, झालं," आई म्हणाली. "आता तू सांग."