घाटी चढेल असं इंजिन

गाडी घ्यायची तर लहान इंजिनाची की मोठ्या, हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आईच्या एमआरआयपासून विजेच्या बिलापर्यंत जे समजत नाही ते माझ्यापुढे सरकवलं जातं. "तू शिकतेस ना, बघ जरा." मी बी.ए. करते, विषय इतिहास. पण नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि गाडी हौसेसाठी नव्हती. आमचं गाव राजापूरच्या पुढे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी दारोदार येते, तेव्हा घरच्या बाईने दार उघडं ठेवून तिची ओटी भरायची असते. दार बंद असेल तर पालखी अंगणात वळते आणि पुढच्या घरी जाते. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या अंगणातून ती दोनदा अशीच वळली आहे. मागच्या वर्षी आम्ही भाड्याची गाडी करून आईला नेलं होतं. पण रस्त्यापासून घरापर्यंतची घाटी, म्हणजे तो उभा चढ, बघून ड्रायव्हर खालीच थांबला. क्लच जळेल म्हणाला. वाडीतली माणसं खुर्ची घेऊन आली, आईला उचलून नेतो म्हणाली. आई खुर्चीत बसलीच नाही. "चार माणसांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार," ती म्हणाली. वर पालखीचे ढोल वाजत होते आणि आम्ही खाली गाडीत बसून ते ऐकत होतो. तिथेच बाबांनी ठरवलं, आपली गाडी घ्यायची आणि आपणच वर चढवायची.

मी वाचायला लागले. लहान इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं. पेट्रोल कमी पितं, पण ताकद बेताची आणि उभं असताना थरथरतं. मोठं त्याहून थोडंच मोठं, चार सिलिंडरचं. चढाला बरं आणि अगदी शांत. थरथर हा दोष, शांतपणा हा गुण, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. मीही तसंच घरी सांगितलं.

आम्ही घाटकोपरला टेकडीवर राहतो. मामा मुलुंडहून खास आला. तो आईचा थोरला भाऊ, देवगडकडचा, त्याला स्वतःला गाडी चालवता येत नाही पण मत असतं. तो म्हणाला, रिकामी गाडी कुणीही चढवेल, भार घालून बघा. म्हणून शोरूमची गाडी दारात आल्यावर आम्ही डिकीत तांदळाचं पोतं ठेवलं आणि मागे मामा, मामी आणि मी बसलो. शोरूमचा सेल्समन बाबांच्या शेजारी होता. तो म्हणाला, "काका, लोक टेस्ट ड्राइव्हला येतात, तुम्ही तर घर बदलायला निघालात."

आधी लहान इंजिन. बाबांनी तरुणपणी साकीनाक्याच्या कारखान्याचा टेम्पो चालवला होता. पुढे तिथेच ते पत्र्याच्या प्रेसवर गेले. ते गाडी बऱ्यापैकी चालवत होते. पण आमच्या गल्लीच्या शेवटच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली. एसी बंद केला, पहिला गिअर टाकला, तरी ती मुंगीसारखी सरकत होती.

"ह्या इंजिन न्हय, शिवणाचा मशीन," मामा म्हणाला. "आमच्या घाटयेर ह्येका ढकलूक अख्खी वाडी लागात."

"मग तू कशाला खातोस एवढं? उतर खाली," मामी म्हणाली. सगळे हसले. बाबाही हसले, जरा उशिराने.

ते नेहमीच जरा उशिराने हसतात. प्रेसवर इतकी वर्षं गेल्यावर कान जाणारच, म्हणून आम्ही घरात मोठ्याने बोलतो. टीव्हीही मोठ्याने लागतो. त्यापलीकडे त्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

पुढच्या रविवारी मोठं इंजिन आलं. तीच माणसं, तेच पोतं. गाडी खरंच ताकदीची होती. त्याच चढावर समोरून रिक्षा आली म्हणून बाबांनी ब्रेक लावला. परत निघताना गाडी बंद पडली. त्यांनी चावी फिरवली, गाडी चालू झाली. मग त्यांनी पुन्हा चावी फिरवली. चालू इंजिनात स्टार्टर करकरला.

"काका, चालू आहे."

बाबा पायाखाली बघत होते, तिथे काहीतरी सापडेल असं. त्यांनी क्लच सोडला आणि गाडी परत बंद पडली, मागे घसरली. मागचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत होता. मामीने माझा दंड घट्ट धरला होता. बाबा मात्र शांत होते. त्यांनी आरशातही बघितलं नाही. सेल्समनने हँडब्रेक ओढला. पुन्हा चावी, पुन्हा करकर.

"काका, चालूच आहे गाडी!" या वेळी तो ओरडला.

तेव्हा मला कळलं. त्या हॉर्नमधलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. कारखान्याच्या त्या जुन्या टेम्पोचं डिझेल इंजिन त्यांना पायातून कळायचं. लहान इंजिनाची ती वाईट थरथरही कळली असावी. या शांत गाडीत त्यांना काहीच सापडत नव्हतं. जे इंजिन घाटी चढेल ते बाबांना कळणार नव्हतं, आणि जे कळत होतं ते घाटी चढणार नव्हतं.

गाडी सेल्समनने वर नेली. "क्लच नवीन आसा, म्हणान," मामा म्हणाला. खाली उतरल्यावर सेल्समनने मला बाजूला घेऊन विचारलं, ऑटोमॅटिक बघता का? ती आमच्या आवाक्यात नव्हती. आणि प्रश्न फक्त क्लचचा राहिला नव्हता. त्या हॉर्ननंतर, आईला मागच्या सीटवर झोपवून बाबांनी हायवेने गावाला न्यावं, असं मी कशी म्हणणार होते? गाडी मला येत नाही. शिकेन म्हटलं, तर आई म्हणाली, आधी परीक्षा दे.

दारात आई कंबरेला पट्टा बांधून उभी होती. ओटीचा खण तिने आणून ठेवला होता. "कुठलं ठरलं?" तिने विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बघतोय अजून," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

शिमगा आला तसा गेला. वाडीतल्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. आईने डोक्यावर पदर घेऊन तो बघितला. आमच्या बंद दारासमोर पालखी थोडा वेळ नाचली, मग वळली. आईने हात जोडले आणि फोन बाबांना दिला. त्यांनी तो दोनदा बघितला.

"ढोल चांगले वाजवले का गं यंदा?" त्यांनी आईला विचारलं.

आईने मान हलवली. खण तिने कपाटात, गेल्या वर्षीच्या खणाखाली सरकवला.

बाबा माझ्याकडे वळले. "मग? लहान की मोठं?"

"अजून वाचतेय, बाबा," मी मोठ्याने म्हटलं.