डालग्याखालचे आठ दिवस

सासूबाईंच्या सांगण्यावरून आठ दिवस नवी पिल्लं अंगणात डालग्याखाली झाकली होती. थोरल्या कोंबड्या भोवती फिरत, बांबूच्या फटींतून त्यांना न्याहाळत.

आज सासूबाई म्हणाल्या, "उचल आता. ओळख झाली."

मी डालगं उचललं. तांबडी कोंबडी मान ताणून धावली, तिने एका पिल्लाच्या डोक्यावर चोच मारली. पिल्लू आडोसा शोधत सैरावैरा पळालं. आडोसा तर माझ्या हातात होता. मी तो परत टेकवणार, तोच सासूबाईंनी मनगट धरलं.

"राहू दे. किती दिवस झाकशील?"

ओसरीवर लेकीची बॅग भरून ठेवली होती. उद्या ती वसतिगृहात जाणार. तिथल्या थोरल्या मुलींनी तर तिला फटीतूनही पाहिलेलं नाही.